आठ मीटरचं अंगण : एका डिझर्टेशनची हकिकत

पहिल्या रिव्ह्यूला तिने बोर्डावर दोनच फोटो लावले होते. डावीकडे ऐंशीच्या दशकातलं, पुस्तकातून स्कॅन केलेलं घर. उतरतं कौलारू छप्पर, पांढऱ्या भिंती, दारात एक कोवळं झाड. उजवीकडे तिने आदल्याच रविवारी काढलेला त्याच वसाहतीतला फोटो. तीन मजले, स्टीलचं चकचकीत रेलिंग, खाली गाडी आणि गाडीवर झाकण. वर ठळक अक्षरात विषय: ‘आर्टिस्ट व्हिलेज, बेलापूर : एका संकल्पनेचं अपयश’.

ज्युरीतल्या दोघांनी माना डोलावल्या. हे चित्र सगळ्यांना पटकन कळतं. थोर वास्तुविशारद, सुंदर वसाहत, मग आले लोक आणि त्यांनी वाट लावली. आमच्या कॉलेजांमध्ये अशा डिझर्टेशनचं पीक दरवर्षी येतं आणि बहुतेकांचं बरं निभावतं.

तिची गाइड मी होते, म्हणून मला बोलावं लागलं. ‘अपयश’ हा शब्द तू साइटवर जाण्याआधी लिहिलास की नंतर, एवढंच विचारलं. ती प्रामाणिक मुलगी. म्हणाली, “आधी, मॅम.”

इथे थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. मुंबईच्या पूर्वेला खाडीपलीकडे नवं शहर वसवावं, हा प्रस्ताव वास्तुविशारद चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६५ साली ‘मार्ग’ मासिकातून मांडला. ते शहर, म्हणजे नवी मुंबई, वसवणारी सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली १९७० मध्ये, आणि पहिली काही वर्षं कोरिया तिचे मुख्य वास्तुविशारद होते. पुढे १९८३ ते ८६ या काळात पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी, सीबीडी बेलापूरच्या सेक्टर ८ मध्ये, त्यांनी सुमारे ६ हेक्टरवर साडेपाचशे कुटुंबांसाठी बैठ्या घरांची वसाहत उभारली. रिक्षावाल्याला ‘आर्टिस्ट व्हिलेज’ सांगितलं की पुरतं.

या वसाहतीचं गणित साधं आहे आणि म्हणूनच चिवट आहे. ७ घरं मिळून एक पुंजका, मधे ८ मीटर बाय ८ मीटरचं अंगण. असे ३ पुंजके म्हणजे २१ घरं, त्यांच्यामध्ये १२ बाय १२ चा चौक. अशा ३ गटांची ६३ घरं, त्यांना २० बाय २० ची मोकळी जागा. प्लॉट ४५ पासून ७५ चौरस मीटरपर्यंत. सगळ्यात गरीब आणि त्यातल्या त्यात सुखवस्तू, यांच्या जमिनीत दुपटीचाही फरक नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: कोणत्याही दोन घरांत सामाईक भिंत नाही. ज्याला जेव्हा पैसे मिळतील, तेव्हा त्याने शेजाऱ्याची भिंत न हलवता आपलं घर वाढवावं, हा त्यामागचा उद्देश.

आता हे वाचून उजवीकडच्या फोटोकडे पुन्हा पाहा. घर वाढलं, हे तर मूळ नकाशातच लिहून ठेवलेलं होतं. वाढण्यासाठी केलेलं घर वाढलं म्हणून त्याला अपयश म्हणायचं, तर बियाणं उगवलं म्हणून पेरणी फसली म्हणावं लागेल. कौलांच्या जागी स्लॅब आली याची हळहळ मलाही वाटते, कौलारू घरातच माझं लहानपण गेलं. पण हळहळ हा काही संशोधनाचा प्रश्न नव्हे.

विषयातून ‘अपयश’ गेला. त्याच्या जागी काय घालायचं, ते मात्र तिलाही कळेना आणि खरं सांगायचं तर मलाही.

टेप आणि दारं

आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्याला काही सुचेनासं झालं की तो मोजमाप घ्यायला लागतो. ही सवय वाईट नाही. ती एका मैत्रिणीला घेऊन तीन शनिवार गेली. ठरवलं होतं की एका पुंजक्यातली सातही घरं आतून-बाहेरून मोजायची, मूळ घर काळ्या रेषेत आणि वाढीव बांधकाम लाल रेषेत दाखवायचं.

पहिल्याच घरी काकूंनी पाणी दिलं, पोहे दिले, मुलगी कुठली, आईवडील काय करतात सगळं विचारलं. तिने पिशवीतून टेप काढला तशी काकूंचा आवाज बदलला. “सिडकोकडून आलात का तुम्ही? की महापालिकेकडून?” कॉलेजचं पत्र दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. शेवटी हॉल मोजू दिला, स्वयंपाकघर मोजू दिलं, पण मागच्या बाथरूमच्या दारात त्या उभ्याच राहिल्या. तिथून पुढचं तिला दिसलं नाही. तिसऱ्या घरात तर, “आमचं सगळं कागदोपत्री आहे,” हे वाक्य तिने काही विचारायच्या आधीच आलं.

लोकांचं चुकत नव्हतं. जमीन लीजवर, नियम बदलते, १९९२ नंतर महापालिका वेगळी. अशा ठिकाणी अनोळखी पोरीच्या वहीतली लाल रेषा ही कुणाच्या तरी घरावरची खूण होऊ शकते. वर्गात आम्ही ‘मेझर्ड ड्रॉइंग’ शिकवतो तेव्हा देवळं, वाडे, चर्चं निवडतो. तिथे मोजणाऱ्याला घाबरणारं कुणी नसतं. ही भीती कशी हाताळायची ते आमच्या अभ्यासक्रमात कुठेच नाही. शेजारच्या मेडिकल कॉलेजात रुग्णाच्या केसपेपरवरचं नाव झाकल्याशिवाय विद्यार्थी तो वर्गात दाखवत नाही. आमच्याकडे राहत्या घराचा नकाशा नंबरासकट छापतात आणि त्याला डॉक्युमेंटेशन म्हणतात.

हे मी आज शहाणपणाने लिहिते आहे. तेव्हा माझ्याही लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या रिव्ह्यूला तिने सातपैकी पाच घरांची शीट लावली. काळ्या रेषा, लाल रेषा, कोपऱ्यात प्रत्येकाचा प्लॉट नंबर. शीट देखणी होती. रिव्ह्यू संपल्यावर ती चार दिवस कॉरिडॉरमध्येच लटकलेली राहिली. बाहेरून आलेल्या एकाने तिचा मोबाइलवर फोटो काढला. कशासाठी ते ठाऊक नाही, बहुधा आवडली म्हणूनच. पण तो फोटो काढत असताना ती पाहत उभी होती आणि तिला बाथरूमच्या दारातल्या काकू आठवल्या. संध्याकाळी ती माझ्या केबिनमध्ये आली, तेव्हा शीट गुंडाळून काखेत होती. “मॅम, हे मी पुढे लावणार नाही.”

एका सेमिस्टरचं निम्मं काम असं गुंडाळलं गेलं. मी तिला थांबवलं नाही.

पांढरा चौकोन, पिवळा ठिपका

आमच्या फॅकल्टीत आर्किटेक्चर एका मजल्यावर आणि प्लॅनिंग दुसऱ्या मजल्यावर. मधे एक जिना आणि चहाचं मशीन. दोन्ही मजल्यांवरचे लोक एकमेकांना नमस्कार करतात, एकमेकांच्या ज्युरीला जातात, पण एकमेकांचे नकाशे फारसे वाचत नाहीत. आम्ही १:१०० मध्ये विचार करतो, म्हणजे कागदावरचा एक सेंटीमीटर हा जागेवरचा एक मीटर, ते १:५००० मध्ये. गंमत म्हणजे मुंबई विद्यापीठाने १९१९ मध्ये नगरनियोजनातल्या पॅट्रिक गेडीस यांना प्राध्यापक म्हणून बोलावलं, तेव्हा खुर्ची दिली ती समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राची. आधी गल्लीत पायी फिरा, पाहा, मग आराखडा करा, असं सांगणारा हा माणूस आजच्या आमच्या इमारतीत कोणत्या मजल्यावर बसला असता, हा प्रश्न मी परीक्षेला घालणार आहे.

तर प्लॅनिंगच्या मजल्यावरचे एक सहकारी चहाच्या मशीनपाशी भेटले. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी त्याच भागाचा भूवापर नकाशा काढून दिला. तिने तो आणि आपली गुंडाळलेली शीट शेजारी शेजारी पसरल्या.

तिच्या शीटवर घरं इंच न् इंच भरलेली होती. फरशीचे सांधे, ओट्याची जाडी, दार कुठल्या बाजूला उघडतं हेसुद्धा. आणि सात घरांच्या मधोमध ८ सेंटीमीटर बाय ८ सेंटीमीटरचा कोरा पांढरा चौकोन. त्यात एकही रेघ नाही. प्लॅनिंगच्या नकाशात तोच चौक दीड मिलिमीटरचा होणार, आणि तोही वेगळा दिसणारच नाही, कारण निवासी भूवापर म्हणून सगळा पट्टा एकाच पिवळ्या रंगात रंगवलेला. एका शीटमध्ये अंगण कोरं, दुसऱ्यात पिवळ्यात बुडालेलं.

“मॅम, हे कुणीच काढलेलं नाही.”

मला वाटतं, तिचं डिझर्टेशन त्या वाक्यापासून सुरू झालं. त्याआधीचे दोन महिने ही फी समजायची.

अंगण मोजायला कुणाच्या दारात जावं लागत नाही, हा आणखी एक फायदा. पण मोजमाप जुळेना. चार बाजू घेतल्या, दोन कर्ण घेतले. चौरस असेल तर दोन्ही कर्ण सारखे, ११ मीटर ३१ सेंटीमीटरच्या आसपास यायला हवेत. एक कर्ण वीतभर कमी येत होता. तिने टेपला दोष दिला. कापडी टेप ताणला की लांबतो, हे खरं आहे. मी तिला फायबरचा टेप देऊन परत पाठवलं आणि सांगितलं, चार कोपरे धरू नकोस, त्रिकोण पाड आणि प्रत्येक बिंदू दोन ठिकाणांहून मोज.

टेपचा दोष नव्हता. एका घराची जुनी पायरी कधीतरी सिमेंटच्या कोब्यात गाडली गेली होती आणि त्यावर नवी पायरी ९ इंच पुढे आली होती. ज्याला ती कोपरा समजत होती तो कोपरा कोपराच नव्हता. डोळ्यांना हे दिसत नव्हतं, कारण कोबा सगळीकडे सारखाच घोटलेला. कर्णाने चोरी पकडली. मग तिने प्रत्येक कडा तशी तपासली. एकीकडे तुळशीवृंदावन भिंतीपासून सुटं, म्हणजे ते अंगणाचं. दुसरीकडे कट्ट्याला टाईल लावून तो घराला जोडलेला. पंपाला लाकडी पेटी, पेटीवर कुंड्या. स्कूटरसाठी रॅम्प. कुणीही प्लॉटची हद्द ओलांडून खोली बांधली नव्हती. जो तो फक्त एकेक पाऊल पुढे आला होता, आणि त्यातही समोरच्याला दार उघडता येईल एवढी जागा सोडून.

मग तिने एक गोष्ट केली जी मी सुचवलेली नव्हती. एकाच दिवशी सकाळी ७, दुपारी २ आणि संध्याकाळी ७ वाजता अंगणात जमिनीवर जे जे असेल ते तिने तुटक रेषेत काढलं. वाळत घातलेली गोधडी, खुर्ची, सायकल, रांगोळी. आणि चपला. कुणाच्या दाराशी किती जोड आणि त्यांची तोंडं कुठे. संध्याकाळच्या नकाशात एका दाराशी एवढे जोड होते की मी विचारलं, इथे काय होतं? शिकवणी चालते, म्हणाली. खोलीचं क्षेत्रफळ मोजू न देणाऱ्या घराचा वापर तिला बाहेरच्या चपलांवरून कळला होता.

सावली

इथवर ते एक सुरेख, थोडं भाबडं काम होतं. अंगण जिवंत आहे, लोक समजुतीने राहतात वगैरे. मला भीती होती की ‘अपयश’ जाऊन तिथे ‘यश’ येईल, आणि तेही तितकंच आधी ठरवलेलं.

एका आजींनी ते टाळलं. सकाळच्या नकाशात त्यांची प्लॅस्टिकची खुर्ची अंगणाच्या उत्तर कडेला, स्वतःच्या दाराशी होती. दुपारच्या नकाशात ती अंगणात नव्हतीच, बाहेर १२ मीटरच्या चौकात होती. तिने सहज विचारलं. डिसेंबर चालू होता. आजी म्हणाल्या, “इथे ऊन कुठे राहिलंय आता? समोरच्यांनी वर बांधल्यापासून हिवाळ्यात शेकायला बाहेर जाते मी.”

तिने लगेच लॅपटॉपवर मॉडेल केलं आणि २१ डिसेंबरची सावली टाकली. सावली अख्खं अंगण ओलांडून मागच्या घराच्या छपरावरून पलीकडे गेली. मोठं नाट्यमय चित्र. मी कागद-पेन्सिल मागितली, कारण चित्र जरा जास्तच नाट्यमय होतं. बेलापूरचा अक्षांश १९. त्या दिवशी माध्यान्हीला सूर्याची उंची ९० वजा १९ वजा साडेतेवीस, म्हणजे साडेसत्तेचाळीस अंशांच्या आसपास. तळमजला अधिक दोन, म्हणजे कठड्याशिवाय साधारण ९ मीटर. ९ ला त्या कोनाच्या टॅनने, म्हणजे सुमारे १.१ ने भागलं की येतात ८.२ मीटर. तिच्या मॉडेलमध्ये १८ येत होते. शोधलं तर तिने मॉडेलमध्ये ठिकाण भरलंच नव्हतं, आणि सॉफ्टवेअर आपल्या मूळ गावी होतं: अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधलं बोल्डर, अक्षांश ४०. कोलोरॅडोची सावली बेलापूरवर पडली होती.

हसून झाल्यावर आम्ही दोघी त्या ८.२ कडे बघत राहिलो. अंगण ८ मीटर.

म्हणजे दक्षिणेच्या बाजूचं घर तीन मजली झालं, की हिवाळ्यातल्या सगळ्यात लहान दिवशी, ऊन सर्वांत वर असतानाही (घड्याळात साडेबाराच्या थोडं पुढे) अंगणाच्या जमिनीवर ऊन नाही. मूळ बैठ्या घराची उंची साडेतीन मीटर धरली, तर सावली तीन मीटरच्या थोडी पुढे येते आणि पाच मीटरच्या जवळपास ऊन शिल्लक राहतं. आजींच्या खुर्चीला तेवढं पुष्कळ होतं. जूनमध्ये सूर्य जवळजवळ डोक्यावर आणि किंचित उत्तरेला, तेव्हा दक्षिणेच्या घराने फरक पडत नाही. तक्रार फक्त हिवाळ्याची, आणि फक्त अंगणाच्या उत्तर बाजूच्या घरांची.

सामाईक भिंत नसल्यामुळे वर बांधणाऱ्याला शेजाऱ्याला विचारायची गरज पडत नाही. ती सोय कोरियांनी मुद्दाम ठेवली होती आणि ती चोख चालली. पण ऊन सामाईक होतं. पायरी ९ इंच पुढे आणताना माणूस समोरच्याचं दार बघतो, कारण पायरी दोघांनाही दिसते. स्लॅब चढवताना तो आपला प्लॉट आणि आपला एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल याचं प्रमाण, बघतो. एफएसआयचं गणित प्लॉटच्या क्षेत्रफळावर होतं, त्यात अंगणाच्या उन्हाला रकाना नाही. आर्किटेक्चरच्या १:१०० मध्ये ही सावली एका घराच्या सेक्शनमध्ये, म्हणजे उभ्या छेदात, संपते आणि प्लॅनिंगच्या १:५००० मध्ये दिसत नाही.

तिच्या अहवालाची सगळ्यात चांगली पानं ही होती, चार की पाच.

शेवटच्या ज्युरीला अपेक्षित प्रश्न आला. “छान आहे, पण मग तुझं डिझाइन प्रपोजल काय?” आमच्याकडे संशोधन म्हणजे डिझाइनच्या आधीचा नैवेद्य. तिने सांगितलं की प्रपोजल नाही. एका पुंजक्यावरून साडेपाचशे घरांबद्दल ती काही म्हणू शकत नाही. पुंजक्याची दिशा बदलली तर सावलीचं उत्तरही बदलेल, दक्षिणेला मोकळी वाट असलेल्या पुंजक्यात आजींची तक्रार नसेलही. तिला फक्त एवढं दाखवता येतं की मोजायचं एकक घर नसून अंगण धरलं तर काय हाती लागतं. एका परीक्षकांना हे पळवाट वाटलं आणि तसं त्यांनी स्पष्ट बोलून दाखवलं. गुण बरे पडले, फार नाही. माझ्या मते त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. दुसरा, वेगळ्या दिशेचा एक पुंजका तरी मोजायला हवा होता. तो वेळ त्या लाल रेषांच्या शीटमध्ये गेला होता, आणि त्याची जबाबदारी तिच्याइतकीच माझी.

मूळ ड्रॉइंगं पाहायला मिळाली असती तर बरं झालं असतं, हेही खरं. कोरियांनी आपला संग्रह, सहा हजारांहून जास्त ड्रॉइंगं, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सकडे सोपवला. त्यांच्या नावाचं फाउंडेशन पणजीत, फोंताइन्यासमध्ये आहे. तिथे जायचं आम्ही दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा सबमिशन आडवं आलं. छापील पुस्तकांतल्या नकाशांवर भागवलं.

सबमिशननंतर ती अंगणाच्या नकाशांचे प्रिंट घेऊन बेलापूरला गेली. सात वाजताचा, दोनचा, सातचा. प्लॉट नंबर काढलेले, घरांची नावं नाहीत, उत्तर दिशेचा बाणसुद्धा तिने मुद्दाम गाळला होता. आता कुणालाही कळणार नाही हे घर कुणाचं, याचं तिला समाधान होतं. बाथरूमच्या दारात उभ्या राहिलेल्या काकूंनी चष्मा लावला, संध्याकाळचा कागद उचलला आणि क्षणभरात पंपाच्या पेटीवर बोट ठेवलं. “ही आमची पेटी. कुंड्या तीनच काढल्यास, चार आहेत. आणि या चपला कुणाच्या गं, आमच्याकडे त्या दिवशी कोण आलं होतं?”

त्यांनी तो कागद ठेवून घेतला. ती घरी पोहोचायच्या आत तिने मला फोन केला आणि विचारलं, लायब्ररीत दिलेल्या प्रतीतली ती शीट बदलता येईल का.